मागच्या खारी

बसवनगुडी, १४ जून

अपूर्व,

अनुषाने तुझा निरोप आला तसा सांगितला. "अक्काला सांग, फोन करू नको. ती बोलायला लागली की मी हरतो. सांगायचंच असेल तर लिही म्हणावं." सांगताना ती माझ्याकडे न बघता आपल्या लेकीच्या, काव्याच्या वेणीची रिबन सोडून पुन्हा बांधत होती. मी म्हटलं, "सरी, बरं. लिहिते."

युनियनच्या दिवसांत टेलिफोन ऑफिसच्या फाटकावर उभी राहून, माईक नसताना, रस्त्यावरच्या बसमधल्या लोकांनाही ऐकू जाईल असं बोलणारी बाई मी. गांधी बाझारातला भाजीवाला मला अजून 'भाषणाची अक्का' म्हणतो. तूही 'आई' म्हणायच्या आधी गल्लीचं ऐकून 'अक्का' म्हणायला शिकलास आणि तेच राहिलं. त्या अक्काला आता पोटच्या मुलाशी बोलायला शनिवारची वाट बघावी लागते. काव्या आली की तिच्या पिशवीत कागद घालायचा आणि महादेवपुऱ्याला पाठवायचा. शहर एकच, पण पत्र परदेशी चालल्यासारखं वाटतं.

काव्याच्या वाढदिवसाचं लिहिते. टीव्ही मी बंद करायला नको होता. एवढं कबूल. मुलं केक खाऊन बसली होती, तुझे साहेब रत्नाकर मुद्दाम आले होते, आणि तुमच्या नव्या कार्टून चित्रपटाची झलक लावली होती. साबणाचा कारखाना, त्यात शेकडो खारी वड्यांना कागद गुंडाळतायत आणि गातायत. त्यातली ती एक चिंगी (तिचं इंग्रजी नाव माझ्या लक्षात राहत नाही, काव्याने ठेवलेलंच बरं) चंद्राएवढा बुडबुडा करायचं स्वप्न बघते. वर मुंगूस साहेब ओरडतो. मला ते बघवेना. मी उठले, बटण दाबलं आणि मुलांना विचारलं, "या खारींना पगार किती?"

"खारींना पगार नसतो, अज्जी!"

"मग काम का करतात?"

"आवडतं म्हणून."

"आणि कंटाळा आला तर?"

तो चष्मेवाला मुलगा, शौर्य, म्हणाला, "कंटाळा येणारी खार वाईट असते. ती शेवटी पाण्यात पडते."

"बरं, मग त्या घरी कधी जातात?"

शेवटी काव्या म्हणाली, "त्यांचं घर दाखवलंच नाहीये, अज्जी."

सांग, सहा वर्षांच्या पोरीने जे बोट ठेवलं ते मी ठेवायचं नाही? मग मी बोलले. किती बोलले ते आठवत नाही. आठ तासांच्या दिवसासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, आणि आपण आपल्या पोरांना रांगायला लागल्यापासून दाखवतो की घरी जाणारा आळशी, थांबणारा शूर. रत्नाकर हसले, टाळ्या वाजवल्या, "सूपर, अम्मा! आमच्या स्टुडिओत या एकदा!" म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

तू स्वयंपाकघरात होतास. कागदी ताटल्या एकात एक बसवत होतास. म्हणालास, "तू पूर्ण वेळ त्या मुंगुसाला बघत होतीस, अक्का. मी मागे आहे. मागे बघायचंस ना."

त्या वेळी मला ते कळलं नाही. मला वाटलं, तू रुसून काहीतरी बोलतोयस.

टीव्ही बंद केला, माफ कर. प्रश्न विचारला त्याची माफी मागणार नाही.

अक्का


बसवनगुडी, २८ जून

अपूर्व,

उत्तर आलं नाही. काव्याच्या पिशवीत डबा होता, रंगीत खडू होते. कागद नव्हता.

आज तिने ऑफिसचा खेळ मांडला. माझ्या सगळ्या उशा ओळीने बसवल्या, स्वतः टीपॉयवर उभी राहिली. मी विचारलं, "मी कोण?"

"तू मागची."

"मागची म्हणजे?"

"मागे असतात ना, त्या. मागच्यांनी बोलायचं नसतं अज्जी, फक्त हलायचं."

शेषगिरी आला होता. युनियनमध्ये मी बोलायची आणि तो बाकीचं सगळं करायचा, तसा अजूनही चामराजपेटेहून दर आठवड्याला येतो, माझ्या कॉफीला नावं ठेवतो आणि दोन कप पितो. तो इतका हसला की कॉफी धोतरावर सांडली. "काव्या, अगदी बरोबर! सत्यक्काला मागे बसवणारा आजवर कोणी भेटला नव्हता!"

मी बसले मागे. उशीला कागद गुंडाळायला लागले. तर ती खाली उतरून आली. "अशी नाही. तू बाजूच्या उशीसारखीच हलतेयस. अप्पा म्हणतात, मागच्यांनी सारखं हलायचं नाही. प्रत्येकाचं वेगळं पाहिजे. नाहीतर त्या खोट्या वाटतात." तुझेच शब्द.

मग मी तिला ती झलक पुन्हा लावायला सांगितली. मुंगुसाकडे बघितलं नाही. मागे बघितलं. तू काढलेल्या गर्दीकडे, मधेमधे थांबवून बघितलं. एक खार काम करता करता कान खाजवते. एक शेजारणीच्या वडीवर आपला कागद चुकून चिकटवते आणि हळूच काढून घेते. एक जरा लंगडते. डाव्या पायावर भार देताना खांदा खाली जातो तिचा. कोणाच्याही लक्षात येणार नाही इतकं थोडं.

ती लंगडणारी खार कोण, रे? मला ओळखीची वाटली. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी मी अशीच चालायची, असं तुझे वडील चिडवत असत. पण मी मुद्दाम विचारत नाही. मला विचारायचा हक्क उरलाय की नाही ते ठाऊक नाही.

बाकी गोष्ट काव्याने पूर्ण सांगितली. शेवटच्या दिवसात कोणी घरी जात नाही, सगळ्या जागतात. मग चिंगी खोक्यावर चढते, दोन मिनिटं बोलते, मुंगूस साहेब रडतो, सगळ्यांना मिठी मारतो आणि सूर्य उगवतो. हे मात्र मला सोसत नाही, अपूर्व. मी आयुष्यभर वाचत आले, अनेक देशांतल्या कामगारांच्या लढायांचं वाचलं, आणि कुठेही, एकाही पानावर, मालकाला रडू आलं म्हणून कामाचे तास कमी झालेले मला भेटले नाहीत. पण उद्या ही पोरं कामाला लागतील आणि वाट बघत बसतील, की आपण एकदा मनापासून बोललो की वरच्याचं मन वितळेल. ते वितळलं नाही की स्वतःलाच दोष देतील, आपल्याला बोलता आलं नाही म्हणून.

पाहिलंस? पुन्हा भाषण झालं. इथे थांबते.

खारी फार चांगल्या झाल्यात. हे मला तुला वाढदिवसाला सांगायचं होतं. म्हणजे, सांगायला हवं होतं.

अक्का


बसवनगुडी, १९ जुलै

अपूर्व,

तुझी चिठ्ठी काव्याने पिशवीतून काढून मला दिली तेव्हा मी ती पदराखाली धरून आत गेले. पुन्हा पुन्हा वाचली. थोडकीच आहे, तरी वाचली.

तर असं आहे. चित्रपट सप्टेंबरअखेर द्यायचा, तोवर रविवार नाही, असं रत्नाकर म्हणतात. तुझ्या हाताखालच्या पोरांनी तुला सांगितलंय की तू बोल. आणि तू मला लिहितोस, "काय बोलू ते सुचत नाही. चार ओळी लिहून दे."

चार ओळींच्या थोड्या जास्त झाल्यात. सोबत जोडल्या आहेत. तुला हवं तसं कमी कर, पण मधला भाग गाळू नको, जिथे तू म्हणतोस, "साहेब, आम्ही ज्या खारी काढतो त्यांना घर नाही, म्हणून त्या थांबतात. आम्हाला घर आहे. माझ्या मुलीला मी थांबवलेल्या चित्रासारखा दिसतो, कायम झोपलेला." 'घर आहे' म्हटल्यावर थांब. मनात तीनपर्यंत मोज. मागच्या रांगेकडे बघ. त्यांच्या खोलीत एकटा जाऊ नको, सगळ्यांसमोर बोल, उभा राहून. आवाज शेवटी चढव, सुरुवातीला नाही. खोक्यावर तेवढा चढू नकोस!

शेषगिरीला दाखवलं. चष्मा काढून त्याने विचारलं, "छान आहे. त्याच्याबरोबर किती जण आहेत?"

"सगळे."

"सगळे म्हणजे कोण? एकेकाशी बोललाय का तो? बोलणाऱ्या एकट्याचं नाव पुढे जातं, सत्यक्का. आधी घरोघरी जाऊ दे, चहा पिऊ दे, सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र होऊ दे. मग कोणीही बोलेल, तोतरं बोलला तरी चालेल."

"त्याला महिना जाईल. रविवार जातायत इकडे."

"जाईल महिना."

त्याचं हे असंच. संथपणालाच तो शहाणपण समजतो. तू बोल. तुझ्यात माझं रक्त आहे, तुला ठाऊक नसेल इतकं चांगलं तू बोलशील.

आणि अपूर्व, मला विचारलंस. याबद्दल काही लिहीत नाही. लिहिता येत नाही.

अक्का


बसवनगुडी, ४ ऑगस्ट

अपूर्व,

काल तू गेलास आणि घर पुन्हा मोठं झालं. म्हणून आज पत्र. आता फोन करायला हरकत नाही असं तू म्हणालास खरं, पण मला लिहायची सवय लागलीय.

तू स्वतः काही सांगितलं नाहीस. जेवलास, काव्याला मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसलास आणि तिथेच तुझा डोळा लागला. अनुषाने सांगितलं ते सगळं. तू बोललास तेव्हा खोलीत कसं चिडीचूप झालं, 'घर आहे' म्हटल्यावर ती नवी मुलगी कशी डोळे पुसायला लागली, आणि रत्नाकर खुर्चीतून उठून आले, तुला मिठी मारली, खरोखर रडले. "तुम्ही माझी फॅमिली आहात. मला कोणी हे असं सांगितलंच नव्हतं." दोन रविवार सुट्टी जाहीर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी गल्लीत चिरोट्या वाटल्या. कोपऱ्यावरच्या देवाप्पाने विचारलं, "काय अक्का, नातू?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

शेषगिरीलाही दिली. त्याने तोडून अर्धी खाल्ली आणि म्हणाला, "लेखी काय मिळालं?"

"अरे, तो माणूस रडला!"

"ते ऐकलं. लेखी काय?"

मी त्याला म्हटलं, तुला कोणाचं चांगलं झालेलं बघवत नाही. तो उरलेली चिरोटी कागदात बांधून घेऊन गेला.

काव्याला तू जे कबूल केलंस ते ती दिवसभर म्हणतेय. चित्रपट संपला की नावं येतात, त्यात अप्पांचं नाव येणार. इंग्रजीत ते कसं दिसतं ते तिने तुझ्याकडून लिहून घेतलंय आणि माझ्याकडून गिरवून घेतेय. शाळेत सगळ्यांना सांगून झालंय. दात घासतानाही सांगते.

ती लंगडी खार मीच, हे तू काल कबूल केलंस. "तूच आहेस, आणि काय," असं झोपेतच म्हणालास. एवढंसं बोलणं, पण मी ते आज दिवसभर पुरवून पुरवून आठवलं.

अक्का


बसवनगुडी, १८ ऑक्टोबर

अपूर्व,

अनुषा आज आत आली नाही. फाटकाशीच म्हणाली, "अक्का, त्यांना कामावरून काढलं." काव्या मधे उभी होती म्हणून मी काही विचारलं नाही.

मग तिने हळूहळू सांगितलं. चित्रपट दिला, जेवण झालं, फोटो निघाले आणि दुसऱ्या आठवड्यात तुला आत बोलावलं. "पुढच्या कामात गर्दी नाही, अपूर्व. तुझ्यासारखा माणूस आता परवडणार नाही." डोळ्यांत पाणी होतं म्हणे याही वेळी. तुझ्याबरोबर आणखी काही जण गेले, ती डोळे पुसणारी नवी मुलगीही. जे राहिले ते तुझ्याशी जिन्यात बोलले, खोलीत नाही.

हे मी सोसणार नाही. त्या काचेच्या इमारतीसमोर उभी राहते, बघू कोण हलवतं. मी अजून मेलेली नाही. माझा आवाज अजून रस्ता ओलांडतो. तू फक्त हो म्हण. सोमवारी येते. काय बोलायचं ते आत्ताच सुचलंय, ऐक

अपूर्व, कागद इथे संपला. मागच्या बाजूला लिहीत नाही. तू हो म्हण.

अक्का


बसवनगुडी, २८ डिसेंबर

अपूर्व,

"आता लिहूही नको." त्या पत्राला तुझं हे उत्तर आलं, तेही अनुषाच्या फोनवर, तेवढ्याच शब्दांत. इतके दिवस मी पाळलं. आज मोडते, कारण काल जे झालं ते काव्या तुला सांगणार नाही. तिने मला तसं सांगितलंय.

काल मी तिला चित्रपटाला नेलं. अनुषा म्हणाली होती की तुम्ही दोघं जाणार नाही, तुझ्याच्याने बघवणार नाही. पण ती हट्ट सोडेना. तो गिरवलेला कागद तिने घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवला होता. थिएटर भरलेलं. सुट्टीचे दिवस, पोरांचा नुसता कलकलाट.

मी पूर्ण वेळ मागे बघत होते, अपूर्व. पहिल्या गाण्यापासून. चिंगी काय करते, काय बोलते, मला आज विचारशील तर नीट सांगता येणार नाही. लंगडी खार तीन प्रसंगांत आहे. एकदा ती गाणं चालू असताना क्षणभर काम थांबवते आणि गुडघा चोळते. अस्तित्वात नसलेल्या खारीसाठी ते काढायला तुला कोणी सांगितलं असेल? कोणीच नाही. तुला ते माहीत होतं, म्हणून तू काढलंस. मी ऑफिसातून येऊन पायरीवर बसायची तेव्हा तू दप्तर घेऊन समोर उभा असायचास. तिथे बघितलं असशील.

मग शेवट आला. चिंगी खोक्यावर चढली. तिने बोलायला सुरुवात केली आणि थिएटर चिडीचूप झालं. एका जागी ती थांबली. मी नकळत मनात मोजलं. तीनपर्यंत. मग मुंगूस रडला, मिठी मारली, आणि शेजारचा एक लहान मुलगा टाळ्या वाजवायला लागला. सगळेच वाजवायला लागले.

मी हात मांडीवर धरून बसले होते. शब्द निराळे, पण ते माझंच भाषण होतं. थांबायची जागासुद्धा. मी जूनमध्ये तुला लिहिलं होतं की असं कधी होत नसतं, आणि जुलैत तुलाच ते करायला पाठवलं. लिहिताना मी आरशासमोर उभी राहून ते म्हणून बघत होते, हे तेव्हा तुला लिहिलं नाही. प्रत्येक वाक्य माझ्या आवाजासाठी होतं. तू चार ओळी मागितल्या होत्यास, कारण तुला रविवार हवा होता. मी तुला शेवटचा प्रसंग दिला, कारण मला तो हवा होता. रत्नाकर रडले हे ऐकून मला रविवारांपेक्षा त्या रडण्याचा आनंद जास्त झाला. त्या चिरोट्या कसल्या होत्या ते आता कळतं. एका भाषणाने मालक वितळतो ही खुळी समजूत त्या टाळ्या वाजवणाऱ्या पोरांनी चित्रपटातून घेतली असेल, पण तुझ्या बाबतीत चित्रपटाला बोल लावता येत नाही. तू ती माझ्याकडून घेतलीस, मी फाटकावर उभी असताना, खाली गर्दीत शेषगिरीचा हात धरून. तुला वर मी दिसायची. खाली तो काय करत होता, एकेका माणसाला बाजूला घेऊन काय बोलत होता, ते तुला दिसलं नसेल. मला तरी कुठे दिसलं.

नावं सुरू झाली. लोक उठले. काव्या सीटवर उभी राहिली, कागद हातात उघडून, आणि पडद्यावरून वर सरकणारी एकेक ओळ त्या कागदाशी जुळवू लागली. किती नावं असतात रे! जेवण पुरवणाऱ्यांचीही असतात. दिवे लागले. झाडणारी बाई आली, पॉपकॉर्न गोळा करत आमच्या ओळीपर्यंत पोचली. "अज्जी, मुगीतु," म्हणाली, संपलं म्हणून. मी म्हटलं, "स्वल्प थांब, बाई. मुलीला नाव बघायचंय." ती केरसुणी टेकवून आमच्याबरोबर बघत उभी राहिली. "कोणाचं?" तिने विचारलं. काव्या मान न वळवता म्हणाली, "माझ्या अप्पांचं. मागच्या खारी त्यांनी केल्या." शेवटची ओळ गेली. पडदा काळा झाला.

तिथे रत्नाकर यांचं नाव होतं. मोठ्या अक्षरांत. तुझं नव्हतं.

काव्या रडली नाही. कागदाची घडी घालत म्हणाली, "विसरले का ते?"

मी तिला सीटवरून खाली उतरवलं.

"अज्जी, तू जाऊन भाषण कर ना. मग ते रडतील आणि घालतील."

तिचा चेहरा इतका खात्रीचा होता, अपूर्व. तिने ते पडद्यावर आत्ताच बघितलं होतं, घरी माझ्याकडून बघितलं होतं, आणि दोन्हीकडे तेच होत होतं. मी आजवर हजारो माणसांसमोर उभी राहिले, पण सहा वर्षांच्या पोरीला 'नाही' म्हणायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"नाही घालणार," मी म्हटलं. "भाषणाने नाही घालत ते."

"मग कशाने?"

तिने थोडी वाट बघितली, मग माझं बोट धरलं आणि आम्ही जिना उतरलो. उतरताना म्हणाली, "अप्पांना सांगू नको हं, आपण बघितलं ते. त्यांना वाईट वाटेल." मी तिला शब्द दिला. आणि आज तो मोडतेय, कारण पोरीने हे एकटीने सांभाळावं असं मला वाटत नाही. मी सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नकोस. तिला एवढंच सांग की ती लंगडी खार तिला नेहमी ओळखू येईल.

घरी शेषगिरी बसला होता. मी काही विचारायच्या आधीच त्याने मान खाली घातली. मग कळलं. तू, ती नवी मुलगी, इतर स्टुडिओंतली आणखी कोणकोण, दर रविवारी चामराजपेटेत त्याच्या वरच्या खोलीत जमता. नोव्हेंबरपासून. नाव गाळलं जाऊ नये, कागदावर ठरल्याशिवाय रविवार जाऊ नये, एकट्याला आत बोलावलं जाऊ नये. एकेक जण आणखी एकेकाला घेऊन येतो. भाषण कोणी करत नाही.

"मला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"अपूर्व नको म्हणाला," तो म्हणाला. "तू आलीस की बोलशील. आणि तू बोललीस की ते सगळे ऐकत बसतील."

याचा मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. कॉफी केली. त्याने नावं न ठेवता प्यायली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर माझं एक विचारणं आहे, आणि तू नाही म्हणालास तर मी पुन्हा विचारणार नाही. त्या खोलीत खुर्च्या कमी पडतात असं शेषगिरी म्हणाला. पोरं जिन्यावर बसतात, चहाला पेले नाहीत. पेले माझ्याकडे आहेत. खुर्च्या मांडायला, पेले विसळायला, उशिरा येणाऱ्याला जिना दाखवायला मी येऊ का? कोणी विचारलं तर अपूर्वची आई म्हणून सांगेन, अक्का म्हणून नाही. कोणी आग्रह केला तरी बोलणार नाही. मागच्यांनी बोलायचं नसतं, फक्त हलायचं, हे तुझ्या मुलीने मला शिकवलंय.

फक्त कसं हलायचं ते मला अजून नीट जमत नाही. ते तू दाखव.

तुझी आई